गरम बॉनेट

माझ्या अक्काला घरात सगळे मागून ‘तोफ’ म्हणतात. तोंडावर म्हणायची हिंमत कुणात नाही. म्हणजे माझ्यात आहे, पण मी धाकटी, त्यामुळे माझं कुणी मनावर घेत नाही. आम्ही तिघी बहिणी. थोरली ताई, जी आजवर कुणाला वाकडा शब्द बोलली नाही. मधली अक्का. आणि मी, जी दिवसभर वीजबिलाच्या खिडकीमागे बसून लोकांचं ऐकून घेते आणि संध्याकाळी घरी येऊन ज्याला त्याला सुनावते. ही हकीकत अक्काची आहे, पण ती सांगताना माझं डोकं जागेवर राहील याची हमी मी देत नाही.

अक्का गाडी चालवते. लग्न तिने केलं नाही, कुणी फार खोदून विचारलं तर म्हणते, “माझ्या गाडीत रिकामी सीट नाही.” गाडी मोठी, उंच, कधीकाळी कुणा श्रीमंताच्या बंगल्यासमोर उभी राहिलेली. त्या गाडीतून ती आमच्या गावातल्या पेशंटना डोंगरापलीकडच्या शहरात, मोठ्या इस्पितळात नेते आणि उपचार झाले की परत आणते.

पूर्वी ती त्याच इस्पितळात आया होती, कॅन्सरच्या वॉर्डात. औषधं चढवून झाली की नातेवाईक माणसाला दंडाला धरून बसपर्यंत न्यायचे. मग तो डोंगराचा रस्ता, त्यातले खड्डे, आणि प्रत्येक खड्ड्याला कळवळणारं ते शरीर. एकदा अक्काने एका रिटायर्ड मास्तरांना बसमध्ये चढवून दिलं. जागा मिळाली ती मागच्या चाकावरची. मास्तर तिथे बसले, ओठ दाबले आणि खिडकीतून हात हलवून तिला थँक्यू म्हणाले. “त्या चाकावर बसून थँक्यू म्हणतो गं तो माणूस!” हे सांगताना अजूनही तिचा आवाज चढतो. दुसरी कुणी असती तर घरी येऊन रडली असती. हिच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि हिने नोकरीवर पाणी सोडलं. परदेशी निघालेल्या एका माणसाची जुनी आलिशान गाडी घेतली आणि धंदा सुरू केला. बाकीच्यांचे धंदे भांडवलावर उभे राहतात, अक्काचा रागावर उभा राहिला.

आलिशान गाडीच का, असं लोक विचारायचे. टॅक्सीवाले नाकं मुरडायचे, शेजारी म्हणायचे बाईला मिरवायची हौस. अक्का कुणाला समजावत बसली नाही. ज्याला पाठीच्या मणक्यात दुखतं त्याला मऊ गाडी म्हणजे काय ते कळतं, बाकीच्यांना सांगून उपयोग नाही.

गाडी घ्यायची तिची रीतही जगावेगळी. लोक गाडी बघायला जातात आणि स्टिअरिंगवर बसतात. ही मागच्या सीटवर आडवी होते आणि दुसऱ्याला चालवायला लावते. “माझी माणसं मागे बसतात,” म्हणते, “मग मी पुढे बसून काय बघू?” पण त्याच्याही आधी एक गोष्ट. विकणारा किल्ली आणायला आत वळला की ही बॉनेटवर तळहात ठेवते. बॉनेट थंड असलं तर पुढची बोलणी. कोमट जरी लागलं तरी ही पाठ फिरवून चालू लागते. कारण साधं आहे. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्यांदा सुरू होते तेव्हा जी काय रडारड करायची ती करते, धूर सोडते, खडखडते, मग गरम झाली की शहाण्यासारखी वागते. गिऱ्हाईक यायच्या आधीच ज्याने गाडी सुरू करून ठेवली, त्याला काहीतरी लपवायचं आहे. इतक्या वर्षांत या नियमाला अक्काने कधी बगल दिली नव्हती. एकदाच दिली, आणि तेच मला सांगायचं आहे.

गेल्या वर्षी ताईला तो आजार निघाला. निघाला तोच हाडांत पसरलेला. डॉक्टरांनी शिरेतून औषधं आणि किरणांचे उपचार सांगितले, आठवड्यातून कित्येकदा शहराची फेरी. अक्काने डायरीतले बाकीचे पेशंट पुढे-मागे केले आणि ताईच्या वेळा आधी लावल्या. आणि नेमकी तेव्हाच जुन्या गाडीने मान टाकली.

आमचा मेकॅनिक हा एक वेगळाच प्राणी. जगातली कुठलीच गाडी त्याला पसंत नाही. नवी कोरी दाखवली तरी तो असा चेहरा करतो की जणू तिचं आता थोडकंच उरलंय. पण या वेळी तो गाडीखालून सरपटत बाहेर आला तो गप्पच. हातातला स्क्रू ड्रायव्हर त्याने चॅसिसला, गाडीच्या सांगाड्याला, टोचून दाखवला. लोखंडात तो पावात घुसावा तसा घुसला.

“वेल्डिंग?” अक्काने विचारलं.

“कशाला वेल्डिंग करू? धरायला धड पत्रा तरी पाहिजे ना. बाई, या गाडीत आता माणूस बसवू नका.”

मग घरात खल सुरू झाला. ताईच्या हॉलमध्येच, कारण ताई सोफ्यावर पडलेली असायची आणि तिला माणसं समोर लागायची. एका बाजूला मेकॅनिकचं म्हणणं, की साधी व्हॅन घ्या. पत्र्याचा डबा आहे, पण कधी दगा देणार नाही, कुठेही स्पेअर पार्ट मिळतो. दुसऱ्या बाजूला अक्काच्याच गाडीचं नवं मॉडेल. तीही सेकंडहँडच, पण बरीच अलीकडची. तिला स्प्रिंगांच्या जागी हवेने भरलेले रबरी फुगे असतात, गाडी त्या हवेवर बसते. “पाण्यावर तरंगल्यासारखी चालते,” मेकॅनिकनेही कबूल केलं, आणि लगेच तोंड वाकडं केलं. “पण ते फुगे गळायला लागले की संपलं. रात्री उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यात बसलेली दिसते. मग इंजिन चालू केलं की आतला पंप हवा भरतो आणि गाडी उठते. रोज उठवता उठवता एक दिवस पंप जळतो. घ्यायचीच असेल तर एक रात्र उभी ठेवून सकाळी बघा. ताठ उभी असेल तर घ्या.”

अक्का कित्येक दिवस तेच घोळवत होती. भरवशाची घ्यावी तर ती मऊ नाही, मऊ घ्यावी तर ती भरवशाची नाही. मेकॅनिकची व्हॅन आणून तिने ताईला एकदा शहरात नेऊनही बघितलं. मी बरोबर होते. परत येताना ताईने सीटची कड अशी धरली होती की तिची बोटं पांढरी पडली. अक्काने विचारलं, “फार लागतंय का?” ताई म्हणाली, “छे गं, ठीक आहे. तू किती छान चालवतेस!” अक्काचा चेहरा मी आरशात बघितला. तिला ते मास्तर आठवले असणार. त्या दिवशी व्हॅनचा विषय संपला.

आता भाच्याची ओळख करून देते. ताईचा एकुलता एक. हमरस्त्यावर त्याचा जुन्या गाड्यांचा बाजार आहे, पुढे रंगीत पताका, आत काचेची केबिन. गिऱ्हाईक आलं की हा त्याला काका म्हणतो, गिऱ्हाईकाच्या बायकोला काकू म्हणतो, आणि दोघांच्या गळ्यात गाडी मारून मोकळा होतो. दिसायला गोड, बोलायला त्याहून गोड. आईवर जीव आहे, नाही असं मी म्हणणार नाही. रोज रात्री येऊन तिचे पाय चेपायचा. पण पाय चेपणारे हात दिवसा काय करतात ते मला ठाऊक होतं, आणि अक्कालाही. ताईला नव्हतं. आया पोरांच्या बाबतीत आंधळ्या असतात असं म्हणून मी विषय सोडून द्यायचे, आणि आज मला त्याचाही राग येतो.

“मावशी, तुझ्यासाठी अगदी तशीच गाडी आली आहे,” एका संध्याकाळी तो म्हणाला. “एका डॉक्टरची होती. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर. बाहेरच्याला मी दाखवलीसुद्धा नाही.”

“बघते,” अक्का म्हणाली. “पण आधी एक रात्र ती माझ्या दारात उभी राहील.”

भाच्याचा चेहरा पडला. म्हणजे त्याने तो पाडला, त्यात तो तयार आहे. “मावशी, तू मला बाहेरच्या दलालासारखं वागवतेस. आई आजारी आहे, तिच्याचसाठी गाडी चालली आहे, आणि मी त्यात खोट करीन?”

अक्का काही बोलायच्या आत सोफ्यावरून ताई बोलली. “अगं, माझं पोर आहे ते. त्याच्या गाडीवर तू रात्रभर पहारा ठेवणार? मी शब्द देते तुला. झालं?”

ताईचा शब्द. आमच्या घरात या शब्दावर लग्नं ठरलीत, भांडणं मिटलीत. आई गेल्यावर आम्हा दोघींना तिने त्याच शब्दावर वाढवलं. अक्का गप्प झाली. तोफ गप्प झालेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. शेवटी एवढंच ठरलं की दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी सगळ्यांनी जाऊन गाडी बघायची. ताईही येणार होती. तिला मुलाचं दुकान बघायचं होतं, खूप दिवसांत बघितलं नव्हतं.

गेलो. बाजाराचं फाटक नुकतंच उघडत होतं, बाकीच्या गाड्यांच्या काचांवर दव तसंच होतं. ती गाडी मात्र पुसून लख्ख, चारही कोपऱ्यांत ताठ. काळीभोर, आतल्या सीटा मलईच्या रंगाच्या. ताईला केबिनमध्ये बसवलं, भाचा किल्ली आणायला वळला आणि अक्काने बॉनेटवर हात ठेवला.

मी तिच्या शेजारीच होते. तिने हात ठेवला आणि उचलला नाही. मग मीही ठेवला. चांगलंच गरम होतं.

“धुवायला बाहेर काढली होती मावशी,” मागून आवाज आला. आम्ही काही विचारलंही नव्हतं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात अक्काने माझा दंड असा दाबला की मला ब्रह्मांड आठवलं. काचेपलीकडे ताई बसली होती. डोक्यावरचे केस गेलेले, त्यावर बांधलेला रुमाल, आणि चेहऱ्यावर इतकं समाधान की बघवत नव्हतं. तिने आम्हाला हात केला आणि मानेने विचारलं, छान आहे ना? अक्काने मान हलवली. छान आहे.

ताईला तिच्या घरी उतरवून मेकॅनिकच्या व्हॅनमधून परतताना मी अक्काला फैलावर घेतलं. “हात लावलास ना?”

“लावला.”

“गरम होतं ना?”

“मग काय त्या केबिनमध्ये जाऊन सांगू, की ताई, तुझं पोर चोर आहे? आज? या अवस्थेत? तू सांग जाऊन. आहे हिंमत?”

माझ्यात नव्हती. पण म्हणून गाडी घ्यायची? आठवड्यातून कित्येकदा आजारी बाईला डोंगरावरून न्यायचं, ते अशा गाडीतून? मी तिला म्हटलं, तू अख्ख्या जगाला नियम सांगत फिरतेस आणि घरात आलं की शेपूट घालतेस. तिच्याकडे उत्तर नसलं की ती गाडी जोरात चालवते. त्या दिवशी तिने ती फारच जोरात चालवली.

अक्काने ती गाडी घेतली. मऊ मात्र होती, ते नाकारता येणार नाही. ताई मागे टेकून बसायची आणि पहिल्या वळणालाच झोपून जायची. परतीच्या वाटेवर, ज्या वाटेवर लोक ओकून ओकून अर्धे होतात, तिथे ताई लहान मुलासारखी ओठ उघडे टाकून झोपायची. घरी पोचल्यावर म्हणायची, “माझ्या पोराने शोधून दिली हो!” शेजारणींना, दूधवाल्याला, फोनवर लांबच्या नणंदेला, सगळ्यांना. प्रत्येक वेळी माझा तिळपापड व्हायचा आणि प्रत्येक वेळी अक्का दुसरीकडे बघायची.

एकदा ताईची एक गोळी माझ्याकडे राहिली होती, म्हणून मी सकाळी लवकर अक्काकडे गेले. गल्लीत शिरले आणि थबकले. गाडी मागच्या डाव्या कोपऱ्यात बसली होती. बसली म्हणजे पार बसली, चाक अर्धं पत्र्याखाली गेलेलं. इंजिन चालू. आत अक्का, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. बघता बघता तो कोपरा हळूहळू वर उचलला गेला आणि गाडी ताठ उभी राहिली. मग अक्काने इंजिन बंद केलं, उतरली, फडक्याने काच पुसायला लागली आणि मला बघून दचकली.

“रोज?” मी विचारलं.

“रोज.”

“म्हणजे ताईकडे न्यायच्या आधी तू गाडी गरम करून ठेवतेस. तिला दिसू नये म्हणून.”

“आवाज कमी कर. लोक झोपलेत.”

“अगं अक्का, त्याने नेमकं हेच केलं होतं! तुझ्यात आणि त्याच्यात फरक काय राहिला?”

अशी चिडली माझ्यावर! फडकं आपटलं तिने. म्हणाली, “त्याने पैशासाठी केलं. मी ती सुखाने झोपावी म्हणून करते. तिच्या पोराने तिला फसवलं हे तिला आत्ता कळून काय मिळणार आहे? शब्द दिलाय तिने. तो शब्द खोटा पडलेला तिला दिसायला नको. उपचार संपू देत, मग त्या गाढवाचं मी बघते.” पंप बदलायचा तर गाडी मेकॅनिककडे कितीतरी दिवस अडकणार, पार्ट बाहेरून मागवावा लागणार, आणि ताईची एकही फेरी चुकवायची नाही. सगळा हिशोब तिने मांडला होता. तोंडाने तोफ असलेली बाई आतून घाबरलेली होती आणि मला तिचा इतका राग आला की मी गोळी तिच्या हातात कोंबली आणि न बोलता निघून आले. कामावर त्या दिवशी माझ्या खिडकीवर आलेल्यांचं काही खरं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात मी सुट्टी काढून दोघींबरोबर शहराला गेले. उपचार झाले, निघालो. डोंगराच्या मध्यावर ताईला मळमळायला लागलं म्हणून अक्काने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. ताईला मी उतरवलं, पाठीवरून हात फिरवला, तोंड धुवायला पाणी दिलं, परत आत बसवलं, तोवर मागचा डावा कोपरा खाली बसला होता. अक्काने किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं, पण गाडी उठली नाही. डावीकडून कुरकुर असा एक बारीक आवाज आला, मग तोही थांबला. जळक्या रबराचा वास सुटला. कोपरा बसला तो बसलाच, आणि समोरच्या पडद्यावर लाल अक्षरं आली की गाडी पुढे नेऊ नका.

“काय झालं गं?” ताईने विचारलं. ती तिरकी झाली होती, मी तिला खांद्याने धरून ठेवलं होतं.

“काही नाही,” अक्का म्हणाली आणि तिने भाच्याला फोन लावला. फोन कानाला लावला. पण या गाडीला शहाणपण जास्त. फोन आपोआप गाडीशी जोडलेला. भाच्याचा आवाज कानात न येता चारही दारांतल्या स्पीकरमधून आला.

“हं मावशी, बोल.”

अक्का गडबडली. पडद्यावर बोटं मारायला लागली. एसी वाढला, रेडिओ लागला, रेडिओ बंद झाला.

“गाडी बसली आहे,” ती शेवटी म्हणाली. “मी नंतर फोन करते.”

“बसली? अगं, सेकंडहँड गाडी आहे मावशी, थोडंफार चालायचंच.”

“थोडंफार?” एवढं ऐकल्यावर तोफेला राहवलं नाही. “भर डोंगरात उभी आहे मी!”

“हे बघ, आता माझ्यावर ओरडू नकोस. तू काही नवखी नाहीस. त्या सकाळी तू बॉनेटवर हात ठेवलास, मी केबिनच्या दारातून बघत होतो. तुला तेव्हाच कळलं होतं. तूही बोलली नाहीस, मीही बोललो नाही. ठीक आहे, काय खर्च येईल तो अर्धा अर्धा करू. फक्त आईला यात आणू नकोस. तिला कशाला उगीच त्रास?”

अक्काचं बोट पडद्यावर तसंच राहिलं. एक ट्रक शेजारून गेला आणि गाडी हलली.

“बाळ,” ताई म्हणाली, “मी गाडीतच आहे.”

पलीकडून एकदम आवाज आला, “आई? आई, मी आत्ता निघतो. माझी गाडी घेऊन येतो, तू अजिबात काळजी...”

“येऊ नकोस,” ताई म्हणाली. तिने आवाज चढवला नव्हता. “फोन ठेव.”

त्याने ठेवला. मग ताई अक्काच्या पाठीकडे बघत राहिली. अक्का मागे वळायला तयार नव्हती.

“हे आधीपासून होत होतं?” ताईने विचारलं. “धाकटे, तू सांग.”

मी सांगितलं. गरम बॉनेट, रोज सकाळचं इंजिन, सगळं. सांगताना मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. इतके दिवस मूग गिळून बसले होते.

मला वाटलं ताई रडेल. अक्कालाही तेच वाटलं असणार, कारण ती घाईघाईने म्हणाली, “ताई, पोर आहे, चुकलं त्याचं. तू मनाला लावून घेऊ नकोस, तुझी तब्येत...”

“गप्प बस!”

ताईचा असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. अक्कानेही नसेल, कारण ती खरंच गप्प बसली.

“त्याचं मी बघून घेईन. पोटचं आहे, त्याला मी मारीन नाहीतर माफ करीन, ते माझं मी ठरवीन. पण त्याने फसवलं ते तुला. मला कुणी फसवलं? मला तू फसवलंस. मी आजारी आहे गं, बावळट नाही. तिकडे डॉक्टर माझ्याशी हसून खोटं बोलतो. नर्स खोटं बोलते. शेजारणी म्हणतात, आता चेहऱ्यावर तेज आलंय. तेज! एक तू होतीस, जी तोंडावर बोलायचीस. म्हणून मी तुझ्या गाडीत निवांत झोपत होते. गाडी मऊ होती म्हणून नाही.”

अक्काने कपाळ स्टिअरिंगला टेकवलं. तिच्याबद्दल मला दया यायला हवी होती. आली नाही. ताईची बाजू खरी होती आणि उशिरा का होईना, कुणीतरी ती बोलून दाखवली होती.

मी फोन केला, मेकॅनिक व्हॅन घेऊन आला. त्याच्या आधी भाचाही येऊन पोचला, नको सांगूनही. नवी चकचकीत गाडी, दार उघडून उभा, डोळे लाल. “आई, यात बस, तुला लागणार नाही,” म्हणत होता. ताईने त्याच्या गालाला हात लावला आणि त्याच्यासमोरून जाऊन व्हॅनमध्ये चढली. आम्ही हत्यारांच्या पेट्यांमध्ये दाटीवाटीने बसलो. घरी पोचेपर्यंत ताईने हूं की चूं केलं नाही.

त्या काळ्या गाडीचं काय झालं, तेवढं सांगते, कारण ते सांगताना मला मजा येते. मेकॅनिकने ती क्रेनला टांगून नेली ती थेट भाच्याच्या बाजारात, फाटकाच्या बरोबर मधोमध. तिथे ती तशीच एका कोपऱ्यात बसून राहिली, मागचं चाक पोटात घेऊन. हलवायची तर आधी उठवायला हवी, आणि उठायला पंप नाही. आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक आधी ती बघायचं आणि मग भाच्याचं तोंड. काका-काकू म्हणायलाही त्याला फुरसत मिळेना. शेवटी त्याने गाडी परत घेतली, पैसेही गुपचूप आणून दिले, आणि ते अक्काच्या हातात द्यायला लावले ताईनेच.

अक्काने ती व्हॅनच घेतली. सीटवर जाड फोमच्या गाद्या शिवून घातल्या, मेकॅनिककडून स्प्रिंगा थोड्या मऊ करून घेतल्या, त्यावर मेकॅनिक म्हणाला की आता हीपण बिघडणार. पण ताई तिच्याशी बोलत नव्हती. पुढच्या उपचाराचा दिवस आला तेव्हा अक्का ताईच्या दारात व्हॅन उभी करून खाली थांबली होती, वर यायची तिची छाती झाली नाही. मी ताईला जिन्यावरून उतरवून आणलं.

ताई दाराकडे गेली नाही. ती व्हॅनच्या पुढे आली आणि तिने बॉनेटवर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. अक्का आदल्या संध्याकाळीच व्हॅन तिथे लावून पायी घरी गेली होती, हे मला नंतर कळलं.

“थंड आहे,” अक्का म्हणाली. “चालू करताना खडखड करील. मागचं शॉकअप गेलंय, ते आज लागेल तुला. उद्या बदलणार आहे.”

ताईने बॉनेटवरचा हात काढला. मग म्हणाली, “मला पुढे बसव. तुझ्या शेजारी.”

व्हॅन सुरू झाली ती खरंच खडखड करत. गाव संपलं, चढ लागला आणि पहिला मोठा खड्डा आला. अक्काने ब्रेक मारला तरी चाक आपटलंच.

“आई गं!” ताई ओरडली. पार काचा हलतील अशी.

“लागलं?”

“लागलं! मेले कसले रस्ते करतात हे!”

“मेलेच ते!” अक्का म्हणाली. “पुढे वळणावर याहून मोठा आहे, धरून बस.”

तो आला. ताईने त्यालाही शिवी घातली, तिला शिव्या येतात हे आम्हाला तेव्हाच कळलं. मग अक्काने घातली. मग मागून मी. शहर येईपर्यंत आम्ही तिघी ओरडत होतो.